काकडं राहिलं

मंगळवार, शेणवा गाव. दिवेलागणीची वेळ.

माझ्या शेवळाच्या रानभाजीच्या व्हिडिओखाली पुण्याच्या एका बाईंनी लिहिलं, "तुमचं बघून केली. मुलीचा घसा सुजलाय, दवाखान्यात नेतोय." काकडं, ते रानातलं आंबट फळ, घातलं नाही तर शेवळं घशाला खाजतात. आईने घातलं होतं. मीच व्हिडिओतला तेवढा तुकडा कापला, मागे कोंबडा आरवत होता म्हणून. एडिटिंग माझं मीच शिकले, चूक दाखवणार कोण? राहू दिला असता कोंबडा तर?

आई म्हणते, "काकडं घालायचं सांगावं लागतं गो? कुणाला म्हायत नाय?"

घाबरून व्हिडिओच काढून टाकला. मग विचारायला गेले, मुलगी कशी आहे. व्हिडिओबरोबर बाईंची कमेंटही गेली होती. त्यांचं नावही मी नीट वाचलं नव्हतं.