आत्ये, तो सिनेमा होता

तीर्थरूप सत्यभामाआत्येच्या चरणी भिकाजीचा दोन्ही हात जोडून नमस्कार (दोन्ही शाबूत आहेत, क्लिपमध्ये डाव्याला जे फडकं बांधलेलं दिसतं ते आपलं उगाच).

तुझे गुडघे कसे आहेत? म्हैस व्याली का? मी इथे दुबईत मजेत आहे. हे वाक्य वाचून पत्र चुलीत घालायच्या आत पुढचं वाच, एवढीच विनंती. मंगळवारपासून सतरा फोन केले, तू उचलत नाहीस. संजनावहिनीने एकदा उचलला तर ती नुसती हसतच सुटली. म्हणून हे कागदावर. दाभोळचा गनी माझ्याबरोबर कामाला आहे, तो रजेवर निघालाय, त्याच्या हाती देतो. आतलं वाचणार नाही असं म्हणाला, म्हणजे वाचणार.

तर ती चाळीस सेकंदांची क्लिप. ती गावभर फिरली, प्रज्ञाच्या वडलांच्या, म्हणजे तात्यांच्या, मोबाइलवर पोचली आणि ठरत आलेलं माझं लग्न त्यांनी अडवून धरलं, हे सगळं कळलं. एकेचाळिसाव्या वर्षी एक स्थळ जुळत होतं. दापोलीच्या दवाखान्यातली नर्स, शांत मुलगी, फोनवर दोनदाच बोललो पण मला ती मनापासून आवडली आहे. आत्ये, पण तो सिनेमा आहे गं. सिनेमात माणूस मेला तर आपण त्याच्या बाराव्याला जातो का?

दोष सगळा त्या डायरेक्टरचा. इळंपरिती त्यांचं नाव, आम्ही परितीसार म्हणतो. मद्रासकडे हा माणूस फार गाजलेला आहे, म्हणजे लोक त्याला शोधत असतात. पहिल्याच सिनेमात मोठा हिरो घेतला आणि इंटरव्हलच्या आत मारून टाकला. तिकडे हिरोच्या कटआउटला चाहते दुधाने आंघोळ घालतात. सकाळी कटआउटवर दूध पडलं आणि पहिला शो सुटल्यावर परितीसारांच्या दारात शेण. दुसरा सिनेमा एका चोर पुढाऱ्यावर काढला. तीन पक्षांनी एकाच आठवड्यात केस घातली, प्रत्येकाचं म्हणणं, हा आमचाच पुढारी. कोर्ट म्हणालं, नक्की कोणाचा ते आपसात ठरवून या. ते अजून ठरतंय आणि सिनेमा डब्यात आहे. मग त्यांचा नटांवरचा विश्वास उडाला. नट खोटं बोलतात म्हणे, यापुढे खरी माणसं. मेव्हणीच्या लग्नात व्हिडिओवाला म्हणून उभे राहिले आणि मानपानावरून पेटलेलं अख्खं भांडण थेटरात लावलं. बायको माहेरी गेली ती गेलीच, निर्मात्याची तांदळाची गिरणी गेली, सिनेमावाल्यांच्या युनियनने बंदी घातली. मद्रासेत चहा कोणी पाजेना, तेव्हा इथे देरा बाजारातला एक वेलचीचा व्यापारी पैसे घालायला तयार झाला. त्याने आधीचे तिन्ही सिनेमे बघितले नव्हते.

असा माणूस माझ्याच नशिबी यायचा होता. रास अल खोरला आमच्या गोडाऊनशेजारी त्यांनी सेट लावलेला (मी तिथे स्टोअर इन्चार्ज, केबिन वेगळी, ते तुला ठाऊक आहेच). मला बघितलं आणि म्हणाले, तुझ्या चेहऱ्यावर खोटं फार छान बसतं. मी थँक्यू म्हटलं.

सेट म्हणजे मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पातली खोली, अगदी हुबेहूब. दोन मजली पलंग, आठ माणसं, एक कुकर. त्या कुकरची शिट्टी फडक्याने धरून ठेवावी लागते (हे मला शूटिंगमुळे कळलं). सीन असा, की रविवारची सुट्टी आणि आठ जणांत मिळून एकच निळा ब्लेझर. तो आळीपाळीने घालायचा, खाली जाऊन कोणाच्या तरी गाडीला टेकायचं, फोटो काढून घरी पाठवायचा. अशी रीत असते हे त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे. आता तू स्थळाला दिलेल्या फोटोत तोच ब्लेझर आहे, असं तात्या म्हणतात. आहेच. माझाच तो, शूटिंगला उसना दिला. गनीच्या घरीही भिंतीवर त्याच ब्लेझरातला फोटो आहे आणि बाह्या त्याच्या कोपरापर्यंतच पोचतात, हा निव्वळ योगायोग.

आणि क्लिपच्या शेवटी मी वरच्या पलंगावर कांदे सोलत फोनवर सांगतो, मजेत आहे आत्ये, केबिनमध्ये बसलोय, साहेब बोलावतायत, ठेवतो. हा लिहून दिलेला डायलॉग. लाइट लावतोय, कॅमेरा बंद आहे, यल्ला, चल, तू तुझं काम कर, असं ते म्हणाले होते (अभिनयात असं म्हणायची पद्धत आहे). पलीकडून ‘जेवलास का रे’ विचारणारा आवाज तुझाच वाटतो म्हणे. तमिळ नटी आहे ती. फार मेहनत घेतली बिचारीने.

क्लिप बाहेर पडली आणि चौथ्यांदा तेच. इथली दोन मराठी मंडळं म्हणतात, आमची बदनामी केली. मद्रासची युनियन म्हणते, बिनकार्डाची माणसं घेतली. वेलचीवाल्याने फोन बंद केला. सिनेमा खलास. मी तावातावाने परितीसारांकडे गेलो, म्हटलं तुमच्यापायी माझं लग्न मोडतंय. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, उत्तम शेवट आहे. हात उगारलाच होता, पण माणूस दोन दिवस उपाशी होता. काय करणार, खोलीवर, म्हणजे सेटवर, नेऊन डाळभात घातला. आता तिथेच खाली चटई टाकून राहतात आणि कोणाचाही फोन वाजला की कान टवकारतात.

तेव्हा तात्यांना समजाव की भिकाजीने काम असं केलं की लोकांना खरं वाटलं. यात खरं तर माझं कौतुक आहे. घरच्या थोरांच्या पाया पडतो, धाकट्यांना माझी आठवण सांग.

तुझा, स्वतंत्र केबिनमधून लिहिणारा,
भिकाजी

ता. क. इथपर्यंतचं पत्र तात्यांना मोठ्याने वाचून दाखव. खालचं आधीच फाडून ठेव.

ता. क. दोन. परितीसार लग्नाला येतो म्हणतात. कॅमेरा आणणार नाही, अशी शपथ घेतात. मेव्हणीच्या लग्नात सासऱ्यासमोरही हीच घेतली होती.

ता. क. तीन. प्रज्ञाने क्लिप कधीच बघितली आहे. रागावली नाही. तिने एवढंच विचारलंय, की माझ्या पलंगावर एसीखाली दोरीने डबा टांगलेला दिसतो, तर तो एसी झोपेत अंगावर गळतो का? चार दिवस मी उत्तर लिहितोय आणि पुसतोय. नऊ वर्षं बोटांना एकच वाक्य ठाऊक, मजेत आहे. तुलाही तेच ऐकवत आलो, त्याची फार लाज वाटते आत्ये. केबिन नाही, मी इन्चार्ज नाही, खोली माझीच आहे. माझ्याच्याने लिहून होत नाही, तूच दापोलीला जा आणि तिला सांग. गळतो म्हणावं. डबा भरला की जास्तच गळतो.