पडद्यावर आहे तेवढंच

१ फेब्रुवारी, रविवार

काढलं एकदाचं! पोटमाळ्यावर मोडक्या पंख्याच्या मागे होतं. खोक्यावर बाईच्या अक्षरात — 'हलवू नये'. चौतीस वर्षं कोणी हलवलं नाही. आज मी हलवलं आणि एवढं शिंकलो की शिडीवरून पडायचाच बाकी होतो.

आमच्या लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी बाईनं हा घरगुती संगणक आणला होता. (बाई म्हणजे माझी बायको. शाळेत भूगोल शिकवायची, सगळे तिला बाई म्हणतात, म्हणून मीही बाईच म्हणायला लागलो.) जाड वहीएवढं यंत्र. स्वतःचा पडदा नाही, टीव्हीला जोडायचं. आणि खेळ भरायचा तो गाण्याच्या कॅसेटसारख्या कॅसेटवरून. तिचा लाडका खेळ एकच — तळघराचा. चित्र एकही नाही, नुसते शब्द. दोन शब्दांत हुकूम द्यायचा, 'दिवा घे', 'उत्तरेला जा', की पुढची खोली कशी आहे ते लिहून येतं. मी तेव्हा हसायचो. म्हणायचो, यापेक्षा आपली मोरी जास्त गूढ आहे.

चौदा महिन्यांपूर्वी बाईची नजर गेली. डोळ्यांच्या नसा. आधी उजवा, तीन आठवड्यांनी डावा. तेव्हापासून बाई घरात. रेडिओ लावला तर 'बंद करा' म्हणते. पांढरी काठी आणली ती कपाटात आहे, कागदसुद्धा काढलेला नाही.

आणि काल, चहा पिता पिता, आपणहून — "अहो, त्या तळघरात दिवा विझला की पडद्यावर काय यायचं, आठवतं का तुम्हाला?"

मला कुठलं आठवायला! पण चौदा महिन्यांत तिनं आपणहून पहिल्यांदा काही विचारलं. म्हणून शिडी.

३ फेब्रुवारी, मंगळवार

चाळीस वर्षं शिलाई मशिनं दुरुस्त करतोय. टेबलावर आलेलं मशीन न चालता परत गेलेलं नाही. पण हे यंत्र उघडलं आणि डोकं खाजवत बसलो. यात फिरणारं काहीच नाही! तेल घालायचं कुठे?

विजेच्या डबीतला एक भाग फुगला होता. शेजारच्या रेडिओवाल्यानं बदलून दिला. "हे अजून जिवंत आहे?" म्हणाला. म्हटलं, संध्याकाळी कळवतो.

टीव्हीवर आधी नुसत्या मुंग्या. बटण फिरवता फिरवता बोट दुखलं. आणि मग — खाली कोपऱ्यात एक छोटा काळा चौकोन!

"आलं!" मी ओरडलो.

"काय आलं?"

"काळा चौकोन."

"तोच तो," बाई म्हणाली. आणि मान माझ्याकडे वळवली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

कळफलकाच्या पाच कळा मेलेल्या. आतली पातळ पट्टी वाळून तडकली होती. टोक कात्रीनं कापलं, पुन्हा खाचेत बसवलं. सगळ्या कळा चालू! स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली, पण तिथवर हात पोचत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा विरघळून डांबर झाला होता. दुकानातली बॉबिन भरायच्या चाकाची रबरी रिंग घासूनपुसून बसवली. फिरतो! पण खेळ काही चढत नाही. किंचाळल्यासारखा आवाज येतो, सात मिनिटं, आणि शेवटी पडद्यावर — चूक. अकरा वेळा चूक.

लेकीचा फोन. "बाबा, कशाला त्या डबड्याच्या मागे लागलात? आईला उगाच आशा लावायची आणि मग..." बाई समोरच होती. ऐकलं असणार तिनं. आता तिचं ऐकणं आमच्या तिपटीनं आहे.

९ फेब्रुवारी, सोमवार

आजचा दिवस सविस्तर लिहायचा.

मी बारावा प्रयत्न लावला. किंचाळी सुरू. बाई म्हणाली, "अहो, हा आवाज असा नव्हता. ब्लँकेटखालून आल्यासारखा येतोय."

मी थबकलो. टेपरेकॉर्डरचं हेड! फितीला सरळ टेकत नसेल तर बारीक आवाज पुसट होतात. त्याला एक छोटा स्क्रू असतो. सुईचा स्क्रू पिळायचं बारीक हत्यार काढलं आणि फीत चालू असतानाच केसभर फिरवलं.

"आता?"

"आता उशीखालून."

उलटीकडे.

"आता?"

"बरं आहे. अजून. अजून — थांबा! पुढे गेलात. मागे या. हां! आता कानात टोचतोय. असाच यायचा."

मी हात काढून घेतला. सात मिनिटं दोघंही हललो नाही. आणि खेळ चढला! पहिली ओळ आली!

मी आनंदानं टेबलावर हात मारला. संगणकाच्या मागे काडेपेटीएवढी जादा मेमरीची डबी लावलेली असते. ती हलली. पडदा पांढरा. सगळं पुसलं गेलं.

बाई म्हणाली, "हेही असंच व्हायचं." आणि हसली! मी डबडं बिघडवलं म्हणून बायको हसली आणि मला मेडल मिळाल्यासारखं वाटलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

डबीसाठी पत्र्याची कमान केली, मशिनच्या तळाला लावतात ते चार स्क्रू लावून. आता टेबल उलटं केलं तरी हलायची नाही. आवाजाचं बटण सातावर — सहावर ऐकू येत नाही, आठावर चूक. सातावर नेलपॉलिशचा ठिपका. बाईच्या नेलपॉलिशचा. "अजून ओली आहे बाटली?" तिनं विचारलं. होती.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

खेळतोय आम्ही! ती हुकूम देते, मी टाइप करतो आणि वाचून दाखवतो.

खेळ सुरुवातीलाच विचारतो, टीव्ही रंगीत की साधा? वर्णन लांब हवं की थोडक्यात? मी म्हटलं थोडक्यात घेऊ, वाचायला सोपं. "लांब!" बाई म्हणाली. असं म्हणाली की मी आठवीच्या वर्गात मागच्या बाकावर असल्यासारखा सरळ बसलो.

चौथ्या खोलीत दिवा विझला. ओळ आली. ती वाचताना माझी जीभ अडखळली.

"वाचा ना."

"'अंधार आहे. तुम्हाला काही दिसत नाही. पुढे गेलात तर पडाल.'"

बाई म्हणाली, "म्हणजे इथे आपण दोघं सारखेच. चला. पश्चिमेला, मग दोनदा दक्षिणेला. भिंत उजव्या हाताला ठेवा."

आणि बाहेर काढलं की मला! मी वळणं मोजतच नव्हतो.

१५ फेब्रुवारी, रविवार

बाईनं नकाशा करायला घेतला. जुन्या चादरीवर. एक खोली, एक बटण. दोन भोकांचं म्हणजे साधी, चार भोकांचं म्हणजे तिथे काही वस्तू आहे. वाटेसाठी दोरा, धोक्याच्या वाटेला गाठी. सुईत दोरा मी ओवून देतो, टाके तिचे. टाके बघून दुकानातली गिऱ्हाइकं लाजतील.

एकवीस बटणं झाली. बोटं फिरवते आणि सांगते, "विहिरीच्या वर पूल, पुलाच्या पूर्वेला लोखंडी दार." भूगोलच तो. मी उगाचच शेजारच्या रेडिओवाल्याला वर बोलावलं, चादर दाखवायला. त्यानं एकेक बटण चाचपून पाहिलं. मग म्हणाला, "वहिनी, हे शाळेत लावायला पाहिजे."

बाई नुसतं "हूं" म्हणाली. शाळेचं नाव निघालं तसा मी मात्र विषय बदलला. त्याबद्दल आज नको.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

खेळ जिथवर आला तिथे साठवायला कोरी कॅसेट लागते. साठवताना मी लाल बटण दाबायला विसरलो. दोन संध्याकाळी पाण्यात. बाई म्हणाली, "गृहपाठ दहा वेळा लिहा."

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आज मी वाईट वागलो.

पुलावर बाईनं 'उत्तरेला जा' म्हटलं. पडद्यावर आलं — 'फळी तुटली. तुम्ही विहिरीत पडलात. खेळ संपला.' आणि तिचा चेहरा इतका उत्सुक होता! मला ते वाचवेना. तोंडातून निघालं, "'फळी करकरली, पण तुम्ही सावरलात.'"

एकदा सुरू केलं की थांबता येत नाही. खेळ पुन्हा पहिल्या दारात जाऊन बसला होता आणि मी वर खोल्या बांधत होतो. एक दगडी दालन. एक रिकामी कोठडी. बाई चादरीवर बोट फिरवत होती. बोट थांबलं.

"पुन्हा वाचा."

वाचलं. म्हणजे बनवलं. दुसऱ्यांदा थोडं वेगळं झालं.

"उत्तर, पश्चिम, दक्षिण, पूर्व. मी पुलावर परत यायला हवी. तुम्ही म्हणता कोठडी." मग एकदम हळू — "ही खोली तुम्ही बांधलीत."

मी कळांवरून बोटं काढून घेतली.

"मी पडले का?"

"हो."

"मग पडले म्हणून सांगा ना! पडून मेले तर मेले! पडद्यावर आहे तेवढंच वाचा, अहो. मला दिसत नाही. त्यात तुम्ही खोटं बोललात तर माझ्याकडे राहिलं काय?"

चादर घडी करून आत गेली. एकटी, भिंतीला हात न लावता. हे माझ्या नंतर लक्षात आलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

अबोला. दुकानात एका मशिनला उलटा पट्टा चढवला. आयुष्यात पहिल्यांदा.

२२ फेब्रुवारी, रविवार

इथे तरी लिहितो. शाळेच्या मुख्याध्यापिकेचा फोन आला होता. एकदा जानेवारीत, एकदा याच महिन्यात. भूगोलाची जागा रिकामी आहे. आठवीला आठवड्यातून चार तास. पुस्तक लागत नाही बाईंना, तोंडपाठ आहे त्यांना सगळं, एकदा विचारून बघता का?

मी विचारलं नाही. दोन्ही वेळा सांगून टाकलं, तिला नाही जमायचं, तिला विचारूसुद्धा नका. बाईला सांगितलं, चुकीचा नंबर होता.

तीही खोली मीच बांधली.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सांगितलं. सकाळी, चहा ठेवायच्या आधी, उभ्या उभ्या. वाटलं होतं, भांडेल. भांडली नाही. ते जास्त लागलं.

म्हणाली, "फोनवर नक्की काय म्हणाल्या त्या? शब्द सांगा."

सांगितले. आठवतील तेवढे. एकही वाढवला नाही.

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

तेही सांगितलं.

"तुम्हाला माझी भीती वाटली की माझ्यासाठी?"

मी म्हटलं, "मला रस्त्याची वाटली."

"मला पण वाटते," बाई म्हणाली. "पण ती माझी आहे. तुम्ही कशाला परस्पर घेतलीत? फोन लावून द्या."

लावून दिला आणि दुकानात निघून गेलो. ऐकायला थांबलो नाही. हे मला फार जड गेलं. नोंद असावी.

१ मार्च, रविवार

काठीचा कागद काढला. शाळेपर्यंतचा रस्ता बाईनं आधी मला तोंडी विचारून घेतला. चढ कुठे, खड्डा कुठे, बेकरीचं दार कोणत्या हाताला. "लांब वर्णन द्या. आणि आहे तेवढंच."

मग निघालो. ती पुढे, मी वीस पावलं मागे, गुपचूप. अर्ध्या वाटेत न वळता म्हणाली, "मागून येऊ नका. तुमच्या चपला मला ओळखू येतात."

मी चपला काढून हातात घेतल्या. चार पावलं गेल्यावर, "अनवाणीसुद्धा ओळखू येता."

थांबलो. ती गेली. कोपऱ्यावर कचऱ्याच्या पेटीला अडखळली — माझा जीव गेला! — काठीनं पेटी चाचपली, वळसा घातला आणि दिसेनाशी झाली. पंचवीस मिनिटांनी परत. गुडघ्याला खरचटलेलं. तोंडावर असं काही की मी बँड लावला असता.

"किती वेळा पडलीस?"

"एकदा. पडद्यावर आहे तेवढंच सांगतेय."

५ मार्च, गुरुवार

लोखंडी दार उघडलं!! आज तीन वेळा मेलो, तिन्ही वेळा मी जसंच्या तसं वाचलं. चौथ्यांदा दार उघडलं. चादरीवर एकतीस बटणं. लेकीला फोन केला. म्हटलं, "तुझ्या आईनं दार उघडलं." तिला वाटलं घराचं. रडायला लागली. मी समजूत काढली नाही. दोन्ही खरंच आहे.

९ मार्च, सोमवार

शाळेचा पहिला दिवस. बाई आठला एकटी गेली. मी दुकानात अकरापर्यंत एकाच मशिनला तेल घालत होतो. गिऱ्हाईक म्हणालं, "पुरे हो, कपडे तेलकट होतील." म्हटलं, माझी बायको आज शाळेत शिकवायला गेलीय. ते म्हणालं, "बरं." बरं काय बरं!

दुपारी आली. घसा बसलेला. "मुलं फार बोलतात," म्हणाली, आणि दीड तास न थांबता मुलांबद्दल बोलली.

१० मार्च, मंगळवार

संध्याकाळी सहाला नेहमीसारखं सगळं जोडून ठेवलं. बाई म्हणाली, उद्याच्या तासाची तयारी आहे, आज खेळ नाही. मग मी एकटाच बसलो. दुसऱ्याच खोलीत हरवलो, दिवा विझला, विहिरीत पडलो. आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली — "बाई, इथून बाहेर कसं पडायचं?"

आतून आवाज आला, "कामात आहे मी. तुमचं तुम्ही बघा."