खांबाची नजर

६ फेब्रुवारी
आले एकदाची नान्युकीला! नन्सच्या शाळेत शिकले, तिथेच शिकवलं. आता उरलेलं आयुष्य घंटेशिवाय. खिडकीतून केनियाचा डोंगर दिसतो. शेजारीण वाइरिमू गिथेरीचं निळं पातेलं घेऊन आली. गरम मका-घेवडा, झकास. माझी लंगडी चाल बघून म्हणाली, मास्तरीण, तुझ्याआधी तुझी काठीच पोचली की! फटकळ आहे, जमेल आमचं. मुलीकडे न्येरीला जाताना शेळी माझ्यावर सोपवून गेली.
कुंपणापलीकडे गेंड्यांचं राखीव रान. त्यात एक उंच खांब, वर कॅमेरा, खाली बंदुकीची नळी. डोंगराच्या देखाव्याचा सत्यानाश!

९ फेब्रुवारी
खांब माझ्यामागे मान वळवतो. तक्रार केली, तर मुटुआ नावाचा इंजिनिअर चहालाच आला. म्हणाला, वाऱ्याने खांब हेलकावतो, पण नजर ढळत नाही. वारा जेवढा ढकलेल तेवढंच यंत्र उलट ढकलतं. शिकारचोराला मारायचं नाही, पहारेकरी येईपर्यंत नजरेत धरायचं. चोर गुरांआड लपतात, म्हणून मध्ये येईल ते बाजूला करायचं.
मग माझ्यावर नजर का? तो हसला. बाई, यंत्राला शिकवायला चोराची एकच फिल्म मिळाली. तो लंगडत होता.
एका उदाहरणावरून नियम बांधणाऱ्या मुलीला मी दिवसभर बाकावर उभं केलं असतं. बाजूला म्हणजे कसं, असं विचारलं. त्याने बशीतला आणखी एक तळलेला गोड मंडाझी उचलला.

१२ फेब्रुवारी
दुपारी वादळी वारा. मी व्हरांड्यात. शेळी अंगणात आली, माझ्या आणि खांबाच्या मध्ये. एकच आवाज.
मुटुआ आला, मेलेल्या शेळीच्या अंगातलं गोळीचं भोक मापलं आणि खूश झाला. एवढ्या वाऱ्यात नेम केसभरही हलला नाही म्हणे! बंद कर म्हटलं, तर म्हणे साहेब तपासणीला यायचेत, तोवर नाही. वर धीर दिला : बाई, तुम्हाला काही होणार नाही. तुम्ही लक्ष्य आहात.

१३ फेब्रुवारी
पडदा ओढला. खांबाने गोळ्यांनी त्याच्या चिंध्या केल्या.
पोलीस फोनवर म्हणाले, मग लंगडू नका.
निर्लज्ज!

१४ फेब्रुवारी, सकाळ
टॅक्सी बोलावली. दाराशी पोचले. ड्रायव्हर माझी पिशवी घ्यायला मध्ये आला —
इंजिन अजून चालू आहे. पोलिसांचा फोन उचलला जात नाही.

दुपार
खिडकीत बसून आहे. मी दिसत राहिले की खांब शांत असतो.
कुंपणाशी कोणीतरी — निळं पातेलं — वाइरिमू!
ओरडले, मागे फिर, समोर येऊ नकोस. ती हसतेय. विचारतेय, माझी शेळी खाल्लीस वाटतं, मास्तरीण?
मी डावीकडे सरकले, नेमाची रेषा तिच्यावरून हटावी म्हणून — तीही वळली, माझ्याकडेच — नळी वळली — वाइरिमू, खाली बस, खाली ब—