बुजवलेले झरोके

२ जून
आलो एकदाच्या चोमा शहरात, आई आणि मी! मी शिकवणार त्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर घर मिळालं, तेही अगदी नव्यासारखं. भिंती गुळगुळीत, फरशी लख्ख, खिडक्यांना मोठाल्या अखंड काचा. त्या उघडत नाहीत. छताखालचे झरोकेही घरमालक हामूंगांनी सिमेंटने बुजवून टाकलेत. धूळ नको, डास नकोत, थंडीचं वारं नको, असं अभिमानाने सांगत होते. आईचा जन्म गावाकडच्या गवती छपराखाली गेला. तिथं चुलीचा धूर छपरातून आपसूक निघून जातो. तिने घरभर फिरून बघितलं आणि म्हणाली, "लुयांदो, हे घर आहे की पिठाचा डबा? झाकण लावायचं तेवढं राहिलंय." खूप हसलो. दुपारी अंगणातच मक्याच्या पिठाची घट्ट उकड, म्हणजे आमची नशिमा, आणि सुकी मासळी खाल्ली.

९ जून
इथला जून म्हणजे ऐन हिवाळा, थंडी कडाक्याची पडलीय. कोळशाची शेगडी आत घेतो. घर उबदार राहतं, पण सकाळी डोकं जड असतं. आंब्याखाली वर्ग भरवला की उतरतं. आईच्या पलंगामागे भिंतीला काळपट ओल धरलीय, पुसली तरी परत येते. तिचा खोकला वाढलाय. शेजारच्या मोनोच्या आईने आज हटकलं: शेगडी बाहेर ठेव, दार उघडं टाकत जा, तुला कुणी काही सांगितलं नाही का? काय सांगायचं होतं, असं विचारलं तर टोमॅटोच्या रोपांबद्दल बोलायला लागली.

१४ जून
शेगडी बाहेर काढली. डोकं तसंच. मोनोच्या आईला खोदून खोदून विचारलं. आधी इथं एक शिंपी राहायचा म्हणे. शिलाई मशीन तसंच टाकून पळाला. भिंत श्वास घेते, असं म्हणायचा. मी हसले. घरी येऊन मात्र भिंतीला कान लावला. काही नव्हतं. काही असावं असं वाटत राहिलं.

हामूंगांना झरोके उघडून द्या म्हटलं. "बाई, भोकंच हवी असतील तर झोपडीत जाऊन राहा," म्हणाले.

१८ जून
आईला उठवेना. ओठ निळसर पडलेले. तिला पाठीवर घेऊन मोनोच्या आईकडे नेलं, व्हरांड्यात वाऱ्यावर बसवलं. थोड्या वेळाने तिने चहा मागितला आणि वर मलाच झापलं: "मेले, मला त्या डब्यात मुरवायला ठेवलं होतंस का?" मला रडूच आलं. आई तिकडेच राहील. उद्या शनिवार, झरोके मी स्वतः फोडणार. हामूंगा काय करायचं ते करोत.

१९ जून
स्टुलावर चढून पहिला झरोका फोडला. सिमेंट निघालं. पलीकडे आभाळ दिसायला हवं होतं. नव्हतं. काळोख, ओला, मऊ. आणि तोंडावर श्वास आला. कोमट. मागे ओढला गेला, पुन्हा आला. छिन्नी हातातून पडली.

पळायला हवं होतं. पण इतक्या दिवसांचं जड डोकं एकदम हलकं झालं —

२० जून
आईकडे निघाले. फाटकापर्यंतच गेले. वारा लागला आणि छाती आवळली. धावत आत आले, भिंतीला पाठ टेकली, मग बरं वाटलं. तिच्या श्वासाबरोबर माझा — तिच्या म्हणजे कुणाच्या? मी एकटीच आहे इथं.

२२ जून
शाळेत गेले नाही. दाराखालून हवा येते. गार. टोचते. आईची चादर फाडून फटीत कोंबली. किल्लीच्या भोकात साबण —

२३ जून
आई आलीय. बरी होऊन, स्वतःच्या पायांनी. दार बडवतेय. "लुयांदो, उघड गं! पोरी, माझं ऐक!" काचेला कपाळ लावून रडतेय. मी ठीक आहे, एवढंच सांगायचंय तिला — बोलायला श्वास लागतो, आणि तो भिंत सोडेल तेव्हाच मला —

मोनोच्या आईने दगड उचललाय. आई, अडव तिला. काच नको. वारा आत येईल. पाया पडते आई, वा