शिंप्याच्या वाटणीचं पाणी

सोमवार, ४ तारीख
स्टेशनावर मला घ्यायला कुणी आलं नाही, हे आधी लिहून ठेवते. मुलगा ट्रकवर, आणि सून म्हणे पाण्याच्या रांगेत. सासूपेक्षा हंडा मोठा. बाकी घर झकास आहे, खिडकीत ऊन येतं. वही नातीने दिली, चिमणीने. म्हणाली, आजी, दिवसभर बोलतेस ते यात लिही, आमचे कान सुटतील. जीभ माझ्यावर गेली आहे पोरीची.

मंगळवार, ५
आज नळावर मीच गेले. अख्ख्या गल्लीला एक नळ, तरी भांडण नाही. पाणीवाला एकेका घराला हाक मारतो, ज्या घराने ओ दिली त्याने भरायचं. पहिलीच हाक शिंप्याच्या घराला, आणि सगळ्या बायका मुक्या. चांगलं पाणी मातीत चाललेलं. माझ्याने बघवेना. मी ओ दिली आणि हंडा लावला. बायका अशा मागे सरकल्या, जणू मी हातात साप धरलाय. घरी चिमणी त्यातलं तांब्याभर प्यायली.

बुधवार, ६
सुनेने आज तोंड उघडलं. मागे पाण्याची टंचाई झाली तेव्हा गल्लीने शिंप्याची पाळी गाळली. बिचारे बंद केलेल्या विहिरीचं प्यायले. आईबाप, पोरं, सगळे गेले. तेव्हापासून त्यांच्या वाटणीचं आधी मातीत सोडतात, म्हणजे ते मागायला येत नाहीत. त्यांच्या हाकेला जो ओ देईल, तो त्यांच्या घरचा. मी म्हटलं, बाई, स्टेशनावर आली असतीस तर हे वाटेतच सांगून झालं असतं. ती हसली नाही.

गुरुवार, ७
चिमणीला ताप. हंडा उपसते, तरी भरलेलाच. वास विहिरीचा. भरदुपारी हंड्यातून हाक आली, बाईच्या आवाजात, ‘शिंप्याचं घर!’ चिमणीने झोपेत तोंड उघडलं. मी तिच्या तोंडावर हात दाबला. तळहात ओला झाला, त्यालाही तोच वास—

शुक्रवार
हंडा नळापाशी नेऊन ओतला. मातीने घेतलं नाही. ओघळ माझ्यामागे, उंबऱ्यापर्यंत—

शनिवार
दाराबाहेर त्याच बाईच्या हाका. आधी शिंप्याला. बाहेरूनच ओ आली. मग त्याच्या पोरांना, एकेकाला. सगळ्यांची ओ. आणि शेवटी— चिमणी. हे घरातलं नाव त्यांना कुणी—

सूनबाई, हे वाच. पोरीचं तोंड दाबून धर, सोडू नकोस. तूही गप्प. पाणी मी घेतलं, ओ मी द्यायची. दुसऱ्या कुणी नाही. फक्त मी—