न चालवता सही केलेला फॉर्म

सर, तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी मी लोणखेड्याच्या कॉलेजात तुमचाच विषय शिकवायला लागलो. शहाद्यात तुमचा क्लास होता, तिथे दोन जुने कॉम्प्युटर आणि आम्ही नऊ जण. एका दुपारी कॉम्प्युटर माणसाला कसा मोकळा करील यावर मी तुमच्यासमोर पंधरा मिनिटं बोललो होतो. तुम्ही माझी वही उघडलीत आणि म्हणालात, "आरे भाऊ, तू बोली ऱ्हायना, हाई कोन चालाडी? चालाडीसन दखाड, मंग बोल." वहीतला प्रोग्राम मी चालवून दाखवायला गेलो, तो चालला नाही. सगळे हसले, मीही हसलो. तो चालेपर्यंत तुम्ही मला उठू दिलं नाहीत.

जर्नलची पद्धत तुम्हाला माहीत आहेच. मागच्या बॅचचं जर्नल आणायचं, कोड हातानं उतरवायचा, सरांची सही घ्यायची. वेबपेजवर माहिती भरायचा फॉर्म करायचं प्रॅक्टिकल मी नोकरीच्या पहिल्या वर्षी लिहून दिलं. तेव्हा ते चालत होतं. मग ब्राउझर बदलले, जग मोबाइलवर आलं, पान बांधायची रीतच बदलली. मी मात्र गावोगाव व्याख्यानं देत फिरलो की जो शिकायचा थांबला, तो गुलाम झाला! टाळ्या पडत. इकडे सह्या चालूच.

गेल्या वर्षी तळोद्याच्या वरच्या एका पाड्यावरची मुलगी लॅबमध्ये उभी राहिली. घरी पावरी बोलणारी, माझ्याशी जपून मराठीत. "सर, जर्नलमधला फॉर्म चालत नाही. बटण दाबलं तरी काहीच होत नाही. मोबाइलवर पान अर्धं कापलं जातं." तिच्या स्क्रीनपर्यंत सहा पावलं होती. मी ती टाकली नाहीत. खुर्चीतूनच बोललो. पाया, शिस्त, मोबाइलवरचे व्हिडिओ बघून गुरूला शिकवायला निघालेली पिढी... काय आवाज लागला होता माझा! मागून कुणी तरी म्हणालं, "बस ना वं, सर चुकतीन का?" वर्ग हसला. ती बसली.

परीक्षा झाल्यावर नाशिकला तिची नोकरीची मुलाखत झाली. परत आल्यावर ती स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. "त्यांनी फॉर्मच करायला सांगितला, सर. मी तुमचाच लिहिला. वाटलं, लॅबमध्ये माझंच काही चुकलं असेल." मी विचारलं, मग? "हसले. कुणी शिकवलं विचारलं. मी नाव नाही सांगितलं."

त्या दिवशी किती तरी वर्षांनी मी तो फॉर्म स्वतः चालवला. बटण दाबलं, काही झालं नाही. ज्या ब्राउझरसाठी मी तो लिहिला होता, तो कधीच बंद पडलाय. आता रोज सकाळी वर्ग भरण्याआधी लॅबमध्ये बसून पहिल्यापासून शिकतो. निम्मं कळत नाही, आणि विचारायचं कुणाला, सगळे मला सर म्हणतात.

ती तळोद्यात एका झेरॉक्सच्या दुकानात काम करते. पुन्हा मुलाखतीला जायला घाबरते, असं तिची मैत्रीण सांगत होती. तू बरोबर होतीस, एवढंच तिला माझ्या तोंडून ऐकायला हवं. हजारांसमोर बोलणाऱ्या माणसाला ते जमलेलं नाही. आणि सर, आणखी एक, जे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तिनं नाव सांगितलं नाही म्हटल्यावर मी तिला म्हणालो होतो, "बरं केलंस."