नाव नसलेली नळी

दि. १४, मंगळवार, दुपारची

चि. टिचकी,

आजीचे पोटभर आशीर्वाद. मोठ्यांना नमस्कार सांगायचा तर माझ्याहून मोठं आता उरलंय कोण. अक्षराला हसू नकोस. जोडाक्षरं यायच्या आधीच शाळा सुटली, आणि आता बोटांना नखंही नाहीत. येतायत हळूहळू, उंदराच्या दातांसारखी. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. तुझा बाप हे तुझ्या दाराखालून सरकवेल. वाचू नकोस म्हणून त्याला बजावलंय, तरी वाचेलच मेला.

बातमी अशी की नवी कातडी आली. गुलाबी, तान्ह्या बाळासारखी. तुझा काका मला सोललेला बटाटा म्हणतो. काल आरशात बघून माझी मलाच लाज वाटली. पायाचा अंगठा सुजला म्हणून गोळी घेतली काय, आणि अख्खं अंग सोलून निघालं काय. अंगठा मात्र अजून ठणकतोच, निर्लज्ज.

दवाखान्यात माणसं चांगली होती. काचेपलीकडची बाई अशी घोरायची, की मशीन बिघडलं समजून सिस्टर धावत यायची. रक्त न्यायला तुमच्या प्रयोगशाळेतली ती चष्मेवाली यायची. मी तिला म्हणायची, वर माझी नात आहे, तिला सांग आजी मजेत आहे. माझे डोळे सुजून मिटलेले, तरी ती हसली की आवाजावरून कळायचं. मग एके दिवशी ती हसेचना. नळीला चिकटपट्टी लावत राहिली.

तुमचं काम डॉक्टरांनी मला अभ्यासासाठी माझी सही घ्यायच्या आधीच समजावलं होतं. औषध असं अंगावर उलटलं, की रक्तातला एक पदार्थ वाढतो. तो किती वाढला यावरून माणूस तरेल का, याचा अंदाज लागतो का ते बघायचं. नळीवर नाव नाही, नुसता नंबर, म्हणजे मोजणाऱ्याचं मन मध्ये येत नाही. पण असा रोगी येतो वर्षाकाठी एखाददुसरा. त्या आठवड्यात मी एकटीच होते गं. नाव कशाला हवं होतं तुला?

तुझा बाप म्हणतो, वरच्याच मजल्यावर असून कार्टी एकदाही आली नाही. म्हणू दे त्याला. डोळे मिटले होते, कान शाबूत होते. डाव्या चपलेची ती फरफट मी तू चालायला लागलीस तेव्हापासून ऐकतेय. रोज दारापर्यंत यायची, थांबायची, आणि परत जायची. हाक मारावी तर तोंडात सगळे फोड.

परवा चष्मेवाली घरी आली होती. म्हणाली, तू काम सोडतेयस. आकडा म्हणाला आजी जाणार, आणि आजी तर घरी बसून बडबडतेय, मग असलं मोजून उपयोग काय, असं तुझं म्हणणं. निदान आजीची नळी तरी अभ्यासातून काढा म्हणून अडून बसलीयस.

तपासणीला गेले तेव्हा मी डॉक्टरांना सरळ विचारलं, माझा आकडा खोटा होता का. ते म्हणाले, "नाही आजी, खरा होता. एवढा आकडा असलेले दहा जण आले तर आजवर सहासात गेले. बाकीचे घरी गेले."

मग त्या बाकीच्यांत कुणीतरी बसायला नको? मी बसलेय. मला काढलंस, तशी वाचलेली सगळीच काढली, तर तुमच्या कागदावर नुसते गेलेलेच राहतील, आणि पुढे कुणाची तरी नात तो आकडा बघून अशीच दारातनं परत जाईल. तिच्यासाठी मला तिथे राहू दे.

तुला भीती वाटली, एवढंच झालं. मलाही वाटत होती. तू दाराशी उभी असलीस की जरा कमी वाटायची, हे मात्र तुला सांगायचं राहिलं.

आता पाय उचलून चाल आणि आत ये. हात धरलास तरी दुखत नाही.

तुझ्याच नळीतली,
आजी